रेड्याची मान

"मग देवी मी कधी नाचायची, बाई?"

शाल्मलीने हे काही पहिल्यांदा विचारलं नव्हतं. पण आज विचारताना तिचा आवाज चढला होता.

वेणूबाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. भिजलेला वाल चिमटीत धरायचा, अंगठ्याने दाबायचा, साल इकडे, डाळिंबी टोपात. त्यांचे हात थांबले नाहीत.

"रेडा झाला तुझा?"

"झाला. वर्षभर मी रेड्याशिवाय दुसरं काय केलंय?"

"केलंस खरं. झाला का, ते विचारते."

...

आता असं ऐकल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. पुण्यात शाल्मलीचं नाव होतं. ती महिषासुरमर्दिनी नाचायची तेव्हा लोक पायऱ्यांवर बसून बघत. चौकाचौकात तिची पोस्टरं लागत. हातात त्रिशूळ, डोळे वटारलेले, पाय रेड्याच्या मुंडक्यावर. आणि हीच बाई वर्षभर या ओसरीपुढे स्वतः रेडा होत होती. खूर आपटायचे, मान डोलवायची, फुरफुरायचं, आणि शेवटी धूळ खायची. देवीचा एक हातसुद्धा वेणूबाईंनी शिकवला नव्हता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. वेणूबाईंचं अंगण खरोखरच वाकडं होतं, विहिरीच्या अंगाला उतरतं. पण शाल्मलीला नाचता येत होतं, हे वेणूबाईंनाही मान्य असावं. एरवी त्यांनी तिलाही चहा पाजून परत लावलं असतं. तशा पुष्कळ जणी परत गेल्या होत्या.

"उद्या अष्टमी," शाल्मली म्हणाली. "गुरवांना सांगायला नको का, कोण उभं राहणार ते?"

"सांगितलं. तू."

शाल्मली चटकन पुढे आली. "काय म्हणून?"

"रेडा म्हणून."

"आणि देवी?"

"देवीचं देवी बघेल," वेणूबाई म्हणाल्या आणि पुढचा वाल उचलला.

हे कोंडवणं गाव घाटाखालचं. तिथली सातेरी म्हणजे मूर्ती नव्हे, वारूळ. गाभाऱ्यात माणसाहून उंच मातीचं वारूळ, त्यावर चांदीचा मुखवटा. अष्टमीला तो मुखवटा पालखीत घालून नदीवर न्हायला नेतात. वाजतगाजत जातो, वाजतगाजत येतो. मधल्या वेळात मात्र गाभाऱ्यात नुसती माती असते. देवीला तोंड नसतं.

त्या वेळेला गाव रिकामी वेळ म्हणतं. भर दुपारची ती वेळ, सावली पायाशी गोळा झालेली. त्या वेळात कोणी डुलकी काढत नाही, कोणी वाटेला लागत नाही, तान्ह्याला कोणी एकटं ठेवत नाही. आणि मुखवटा परत येईपर्यंत सभामंडपात एका बाईने नाचायचं, अशी रीत आहे.

ही वेळ आधी वेणूबाईंच्या आजीने राखली, मग आईने, मग वेणूबाईंनी. आता त्यांचे गुडघे गेले होते. पोटी मूल नाही, भाची-पुतणी नाही. उद्या शाल्मली उभी राहिली नाही तर रिकामी वेळ रिकामीच जाणार होती. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते त्याच धास्तीने.

शाल्मली ओसरीच्या पायरीवर बसली.

"बाई, मी तुम्हाला नाचताना पाहिलंय."

"हो?"

"कोंडवणं माझं आजोळ. आईच्या मांडीवर बसले होते मी, खांबापाशी. तुम्ही उंबऱ्यावर उभ्या होतात. लाल लुगडं, मोकळे केस. डोकं आढ्याला टेकलंय असं वाटलं मला. भिऊन परकर ओला केला मी."

वेणूबाईंचे हात थांबले.

"काय नेसले होते म्हणालीस?"

"लाल. पिकल्या मिरचीसारखं."

...

"बरं," वेणूबाई म्हणाल्या.

"बरं काय, बाई? तेव्हापासून मला तेच व्हायचंय. दुसरं काही नाही. पुण्यात लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पण माझ्या बहिणीची पोरगी पहिल्या रांगेत बसून बिस्किट खाते. मी त्रिशूळ उगारते आणि ती बिस्किट खाते. तिला ठाऊक आहे ना, ही आपली मावशीच आहे म्हणून. मला एकदा, एकदा तरी ते खरं व्हायला हवंय. म्हणून तुमच्या अंगणातली धूळ खाल्ली मी."

एवढं सगळं ती बोलून गेली. तिला त्याचा राग आला.

वेणूबाईंनी टोप बाजूला सारला. भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या, आणि पत्र्याची एक ट्रंक ओढत घेऊन आल्या.

"उद्याचं नेसणं बघून घे."

शाल्मलीने घाईने झाकण उघडलं. आत काळी घोंगडी होती. गळ्यात घालायचं एक दावं होतं. तिने तळापर्यंत हात घातला. तळाशी कडुनिंबाचा पाला होता, बाकी काही नाही.

"लाल लुगडं कुठंय?"

"कसलं?"

"तुम्ही नेसायचात ते."

"मी जन्मात लाल नेसले नाही," वेणूबाई म्हणाल्या. "रेडा लाल नेसतो का गो?"

...

"म्हणजे तुम्ही..."

"रेडा. माझी आईही रेडा. तिची आईही."

"मग देवी कोण नाचायचं?"

वेणूबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं. "जेवून घे," त्या म्हणाल्या. "मग एकदा सगळं करून दाखव."

चार वाजता शाल्मलीने सगळं करून दाखवलं. खूर, मान, फुरफुर, धाव. वेणूबाई हातावर ताल धरून बसल्या होत्या. शेवटाजवळ एक जागा यायची. रेडा उंबऱ्यापुढे येतो, मान खाली घालतो, आणि थांबतो. शाल्मलीला ती जागा कधीच पटली नव्हती. किती थांबायचं, असं तिने सुरुवातीलाच विचारलं होतं. थांबायचं, एवढंच उत्तर मिळालं होतं. मग ती आपल्या हिशेबाने थांबायची आणि मान वर काढायची. मनात आपली पाठ कशी दिसत असेल, खांदे कसे दिसत असतील, हेच चालायचं.

आजही तिने मान वर काढली.

"नाही झाला," वेणूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी तिला ओसरीवर बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. या घरची एक रीत होती. घुंगरू आपले आपण बांधायचे, पण आपले आपण सोडायचे नाहीत. नाचलेल्या बाईचे घुंगरू दुसऱ्या बाईने सोडायचे. पहिल्या दिवशी शाल्मली संकोचली होती, गुरूने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय. आता सवय झाली होती. पाय पुढे करायचा आणि दुसरीकडे बघत बसायचं.

वेणूबाईंची एक गंमत मात्र तिच्या अंगवळणी पडली नव्हती. शाल्मलीचे घुंगरू सोडून झाले की त्या उठत नसत. समोर एक रिकामा पाट होता, त्यापुढे सरकत. मान खाली, दोन्ही हात पुढे, आणि बोटं चाळवत राहत. निवांत, कितीतरी वेळ. गावात म्हणत, वेणूबाईंच्या हाताला कंप आहे. शाल्मलीही तसंच समजून चालली होती. म्हातारपण, दुसरं काय.

त्या संध्याकाळी मात्र तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मनात धुमसत होती. म्हणे रेडा. म्हणे जन्मभर रेडा. लाल लुगडं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पैलवान सगळे डाव शिकवतो आणि शेवटचा आपल्यापाशी ठेवतो, ही गोष्ट काय आजची आहे? म्हातारी शेवटचा डाव सरणावर घेऊन जाणार होती.

ठीक आहे, शाल्मली मनाशी म्हणाली. नाही शिकवलात तर नका शिकवू. देवी मला येते.

*

अष्टमीचं ऊन सकाळपासूनच तापलं होतं. भातं पिवळी पडली होती. मुखवट्याची पालखी निघाली, ढोल-ताशे पाणंदीने नदीकडे गेले. ऐकता ऐकता आवाज लहान झाला, मग बांधापलीकडे गेला, मग आलाच नाही.

सभामंडपात दोन्ही बाजूंना खांबांना धरून बायापुरुष बसले होते. मधली जागा मोकळी. गाभाऱ्याचं दार उघडं, आत अंधार, अंधारात वारूळ. देवळाच्या परसात एरवी कावळ्यांचा कालवा असतो. आज एक कावळा बोलत नव्हता. एका म्हातारीला खोकला आला तो तिने पदरात दाबला.

वेणूबाईंना चौघींनी धरून आणून पुढच्या खांबाशी बसवलं होतं. दत्ताराम गुरव मृदंग घेऊन बसला. पूजाही त्याची आणि मृदंगही त्याचाच. पिढीजात.

शाल्मली घोंगडी पांघरून, गळ्यात दावं घालून मधे आली. दत्ताराम तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाय, उंबऱ्याक पाठ करू नको हां."

तिने घोंगडी सावरली.

मृदंगावर थाप पडली.

आता खरं सांगायचं तर रेडा तिने झकास केला. वर्षाची मेहनत होती, ती कुठे जाते? ती धावली तेव्हा पुढच्या बायकांनी पाय आखडून घेतले. तिने मान झाडली तेव्हा दाव्याचं टोक खांबावर आपटलं. फुरफुरली तेव्हा तिच्या नाकासमोरची धूळ उडाली. लोक बघत होते. आपल्याकडे बघताहेत, हे तिला कातडीवर कळत होतं. ते तिला आवडत होतं.

मग ती जागा आली. रेडा उंबऱ्यापुढे आला. मान खाली घातली.

थांबायचं.

शाल्मली थांबली नाही.

ती उठली. दोन ढांगांत उंबऱ्यावर चढली, गाभाऱ्याकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं. उजवा पाय उचलला, डावा रोवला. एक हात वर त्रिशूळ धरून, दुसरा खाली अभय देत. डोळे असे वटारले की कानशिलं ताणली. पुण्यात या जागेला टाळ्या पडायच्या.

मृदंग थांबला.

दत्तारामचा हात हवेत राहिला होता. त्याने डोळे मिटून घेतले होते. खांबापाशी एका बाईने आपलं पोर ओढून पदराखाली घेतलं.

...

आणि तिच्या पाठीमागे घुंगरू वाजले.

शाल्मलीचा एक पाय वर होता, दुसरा जमिनीत रोवलेला. तिचे घुंगरू गप्प होते.

पुन्हा वाजले.

तिला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण नाचणारीला दुसरीचं पाऊल कळतं, आवाजावरून कळतं. वजन किती, घाई आहे का, टाच आधी की चवडा. हे पाऊल टाचेचं होतं. जड होतं. त्याला कसलीही घाई नव्हती. आणि ते गाभाऱ्यातून येत होतं, जिथे मातीवाचून काही नव्हतं.

ओल्या मातीचा वास आला. आश्विनातल्या भर उन्हात.

मागे बघावं असं तिला वाटलं आणि मान वळेना. ओरडावं असं वाटलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. वटारलेले डोळे तसेच राहिले. ते आता देवीचे डोळे नव्हते, भ्यालेल्या बाईचे होते.

पाऊल पाठीशी येऊन थांबलं.

मग तिच्या घोंगडीचा काठ हलला. गर्दीच्या घरात एखादी बाई दारातल्या माणसाला हाताने जरा बाजूला सारते ना, वाट दे म्हणून... तसा तो कोणीतरी बाजूला सारला. रागाने नाही. नुसता सारला.

शाल्मलीने वेणूबाईंकडे बघितलं.

वेणूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या खांद्यावरून मागे बघत होत्या, जरा वर. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. माहेरचं माणूस उशिरा का होईना पण आलं की बाईचं तोंड होतं, तसं त्यांचं झालं होतं.

मग वेणूबाईंनी सावकाश आपली मान खाली घातली.

एवढंच केलं त्यांनी.

शाल्मलीचा उचललेला पाय खाली आला. ती उंबऱ्यावरून उतरली. गुडघे टेकले. दोन्ही हात जमिनीला टेकले, दाव्यासकट मान खाली गेली, कपाळ धुळीला लागलं.

आणि ती थांबली.

किती थांबली, तिला सांगता आलं नसतं. पाठ कशी दिसतेय, खांदे कसे दिसताहेत, यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. रेडा कसा करायचा हेही नव्हतं. ती भ्याली होती आणि तिला जगायचं होतं, आणि आपल्या समोर जे उभं आहे त्याच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. तिचं अंग थरथरत होतं. ती थरथर कोणी शिकवलेली नव्हती.

दत्तारामची थाप पडली. डोळे मिटूनच तो वाजवू लागला.

थापेबरोबर घुंगरू उंबऱ्यावर वाजले. तिचे नव्हे.

तिने मान वर केली. रेडा करतो तशीच, कारण आता दुसरी कुठली मान तिच्याजवळ नव्हती. तिची नजर आधी उंबऱ्यावर गेली, मग जरा वर, मग आणखी वर, आणि वर जातच राहिली. आढ्यापर्यंत गेली. तिथे थांबली.

तिला काय दिसलं ते तिने पुढे कोणाला सांगितलं नाही. मग आपण तरी कोण सांगणारे?

सभामंडपात बसलेल्या सगळ्यांच्या नजरा तिच्या नजरेबरोबर वर गेल्या होत्या. कोपऱ्यात एक लहान मुलगी किंचाळली. एका म्हाताऱ्याने कान धरले.

मग रेडा पडला. शाल्मली धुळीत पडून राहिली. पाणंदीकडून ढोलांचा आवाज येऊ लागला होता. मुखवटा परत येत होता.

*

टाळ्या पडल्या नाहीत. बायका उठल्या, रांगेने पुढे आल्या, आणि उंबऱ्यावरच्या मोकळ्या जागेपुढे खण-नारळ ठेवून मागे फिरल्या. एकीनेही पाठ दाखवली नाही. उलट्या पावली गेल्या.

शाल्मली खांबाशी बसली होती. कोणीतरी तिला गुळपाणी दिलं होतं. एक तरणी बाई मुलीला कडेवर घेऊन तिच्याजवळ आली. मुलगी आईच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. तिचा फ्रॉक ओला होता.

"ताई, पोर लई भ्याली बघा," ती बाई कौतुकाने म्हणाली. "आमच्याकडे घाटावर असलं काही नसतं, मी लग्न होऊन आले इथे. मीसुद्धा भ्याले. काय उभ्या राहिलात हो तुम्ही. आणि ते लाल लुगडं किती शोभत होतं तुम्हाला."

शाल्मलीने खाली बघितलं. अंगावर काळी घोंगडी होती. गळ्यात दावं होतं.

तिने तोंड उघडलं. त्या बाईला हाताला धरून सांगावं, अहो, ती मी नव्हते... पण आईच्या मानेतून त्या मुलीने एक डोळा बाहेर काढला आणि शाल्मलीकडे बघितलं. त्या डोळ्यात जे होतं ते शाल्मलीला नीट ओळखीचं होतं. तिने तोंड मिटलं.

दत्ताराम मृदंगाला खोळ घालत होता. शाल्मलीने त्याला हळूच विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"मी कधी बघूक नाय, बाय," तो म्हणाला. "माझ्या बापाशीनही बघूक नाय. आम्ही डोळे मिटून वाजवायचा. तसाच वाजता."

घरी परतताना वेणूबाईंना शाल्मलीनेच धरलं होतं. ओसरीवर आल्यावर शाल्मली नेहमीच्या जागी बसली. वेणूबाई कण्हत खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला, गाठ चाचपू लागल्या.

आज शाल्मलीने दुसरीकडे बघितलं नाही. ती त्या वाकड्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली.

"बाई, मी चुकले."

"चुकलीस."

"तिच्या जागेवर उभी राहिले."

"हं."

"मला वाटलं होतं, तुम्ही लपवताय."

वेणूबाईंनी पहिल्या पायाची गाठ सोडली. घुंगरू बाजूला ठेवले. दुसरा पाय घेतला.

"मंडपातल्या त्या मायलेकींना वाटतंय, शाल्मलीने देवी केली. मी त्यांना खरं सांगायला हवं होतं."

"सांगायचंस की."

"त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, बाई. मला सांगवेना."

...

"म्हणजे तुमच्याकडे मी बघितलं होतं तेव्हा तुम्हीही..."

वेणूबाई गाठ सोडत राहिल्या.

मग शाल्मली रडली. अगदी लहान पोरीसारखी नाही, पण रडलीच. नाक ओढत म्हणाली, "म्हणजे मी ते कधीच होणार नाही. एवढी वर्षं मी जे व्हायला बघत होते, ते व्हायचं नसतंच. मग मी काय करायचं, बाई? नुसती मान खाली घालायची? जन्मभर?"

वेणूबाईंनी दुसरे घुंगरू सोडले. तिच्या पायावर वळ उठले होते, त्यांवरून अंगठा फिरवला.

दुपार कलली होती. अंगणात विहिरीच्या अंगाला सावली उतरत होती. दार उघडं होतं. दारातून कोणी आत आलं नाही. पण समोरच्या रिकाम्या पाटाने हलकेच करकर केली, बसकण मारल्यावर करतो तशी. आणि ओसरीभर ओल्या मातीचा वास पसरला.

शाल्मलीने पाय जवळ घेतले. ती उठायला लागली.

वेणूबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हाताला कंप नव्हता. त्यांनी तिला ओढून त्या पाटापुढे बसवलं, तिचे दोन्ही हात धरून पुढे केले, आणि आपण मागे सरकून भिंतीला टेकल्या. पाय पसरले. पुष्कळ वर्षांनी काम उरकलेल्या बाईसारखा त्यांनी श्वास सोडला.

"माझ्या बोटांनी गाठ लवकर सुटत नाही हल्ली," त्या म्हणाल्या. "आता तू तिचे सोड."